चूल आईची, गल्ला कुणाचा?

पत्र असं आहे:

"ताई, मी ठाण्याला राहते, नोकरी करते. माझं माहेर भंडारदरा धरणाच्या कडेला. बाबा गेल्यानंतर दादाने घराशेजारच्या पडीक तुकड्यावर तंबू टाकले. सुरुवातीला चार होते, आता २० आहेत. काजव्यांच्या दिवसांत आणि थंडीत शनिवारी एकही तंबू रिकामा नसतो. आई ६८ वर्षांची आहे. रात्रीच्या भाकऱ्या तीच करते, चुलीवर. फाटकावरच्या पाटीवर लिहिलंय, 'आजीच्या हातची चुलीवरची भाकरी', आणि शेजारी तिचा फोटो. गर्दी फार झाली तर तिची खोलीसुद्धा पाहुण्यांना देतात, मग ती स्वयंपाकघरात अंथरूण टाकते. मागच्या महिन्यात मी व्हिडिओ कॉल केला, तेव्हा पाहुण्यांमधली मुलं 'आजी, इकडे बघा, परत एकदा थापा' म्हणून तिचं शूटिंग करत होती. मला रडू आलं. बाबांच्या धोतरांची आणि स्वतःच्या लुगड्यांची तिने एक गोधडी शिवली होती, ती दादाने तंबूत दिली आणि शेकोटीच्या ठिणगीने जळली. आई एक शब्द बोलली नाही, ठिगळ लावून मोकळी झाली. मला तिला कायमचं ठाण्याला आणायचं आहे. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, शाळेतून येतो तेव्हा घरात कुणी नसतं, त्यालाही आजी मिळेल. दादा म्हणतो ती इथे मजेत आहे, तू उगाच खोडा घालू नकोस. वहिनी बोलतच नाही. आईला विचारलं की म्हणते, 'माझं काय, तुम्ही दोघं ठरवाल तसं.' मी काय करू?"

लेकी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या भावाचा राग आला, दुसऱ्यांदा तुझी काळजी वाटली. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की पत्रात आईने केलेली कामं पुष्कळ आहेत आणि आईचं बोलणं एकच आहे. तेही 'तुम्ही ठरवाल तसं'. मला त्या एका वाक्यापासून सुरुवात करायची आहे.

आपल्या आयांची पिढी या प्रश्नाला दुसरं उत्तर देतच नाही. लेकाकडे राहणाऱ्या विधवा बाईला 'तुला कुठे राहायचंय' असं फोनवर विचारलं, तर तिने काय म्हणावं? 'लेकीकडे' म्हटलं तर लेक दुखावतो, 'इथेच' म्हटलं तर लेक म्हणजे तू दुखावतेस. तिने दोघांनाही सांभाळलं. ते उत्तर तिच्या मनातलं आहे असं धरून दादाने चालू नये, आणि तिला काही मतच नाही असं धरून तूही चालू नये.

आणखी एक गोष्ट, जी आपण शहरातून बघताना विसरतो. तुझी आई कुठल्या कॅम्पवर राहायला गेलेली नाही. ती लग्न होऊन ज्या घरात आली त्याच घरात आहे, कॅम्प तिच्या दारात आला. तिच्या पायाखालची वाट तीच आहे, पाण्याचा हंडा त्याच जागी आहे, समोरचं धरण तेच आहे. ते धरण १९२६ साली बांधून पूर्ण झालं, आणि तेव्हापासून कितीतरी वर्षं पाहुणे येऊन बघून, हॉटेलात राहून परत जायचे. गावाच्या वाट्याला मक्याची कणसं विकण्यापलीकडे फार काही यायचं नाही. भाताची कापणी उरकली की तुमच्या भागातली किती कुटुंबं पोरंबाळं घेऊन नारायणगावच्या बाजूला मजुरीला उतरतात, हे तुला मी सांगायला नको. तुझ्या भावाने स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या गावात राहून चार पैसे मिळवायला सुरुवात केली, हे मोठं काम आहे. त्याच्याशी बोलायला जाशील तेव्हा हे पहिल्यांदा बोल, आणि मनापासून बोल. 'तू आईला राबवतोस' या वाक्याने सुरुवात केलीस तर पुढचं काहीही त्याच्या कानात शिरणार नाही.

पण राबवणं होतंय का? होतंय. त्याचा हिशेब आपण नीट करू, कारण घरातल्या बाईच्या कामाचा हिशेब कुणी करत नाही म्हणूनच ते वाढत जातं.

२० तंबू, तंबूत दोन माणसं, म्हणजे ४० जेवणारी. माणशी दोन भाकऱ्या धरल्या तरी ८०. किलोभर पिठात दहा-बारा भाकऱ्या होतात, म्हणजे सात-आठ किलो पीठ. त्यात नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी असेल तर पीठ गरम पाण्यात घेऊन चांगलं मळावं लागतं, नाहीतर थापताना कडा फाटतात. तळहाताच्या टाचेने रगडून रगडून ते पीठ मऊ होतं, आणि एका वेळी फार मळून ठेवलं तर सुकतं, म्हणून पाच-सहा गोळ्यांपुरतंच घ्यायचं, परत परत. एक भाकरी परातीत थापायची, तेवढ्यात तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवायचं, ती उलटायची, आधीची निखाऱ्याला उभी लावून फुगवायची. तिन्हीकडे एकदम लक्ष. सराईत हाताला एका भाकरीला दोन मिनिटं लागली तरी पावणेतीन तास होतात. पावणेतीन तास चुलीपुढे, मांडी घालून नाहीतर उकिडवं, धुरात, ६८व्या वर्षी. मी स्वतः गावी २५ भाकऱ्या केल्या होत्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी मला उजवं मनगट वळवता येईना. मी तेव्हा चाळिशीत होते.

धुराचं तर हसण्यावारी नेऊच नकोस. वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात बसलेल्या बायकांना फुफ्फुसांचा कायमचा आजार होतो, मोतीबिंदू लवकर येतो, हे डॉक्टर कधीपासून सांगत आहेत. तुझ्या आईने आयुष्यभर चुलीपुढे काढलं आहे. घरात गॅस आल्यावर तिची त्यातून सुटका व्हायची, तर आता 'चुलीवरचं' याला गिऱ्हाईक आहे म्हणून ती पुन्हा तिथेच बसली. तिला खोकला आहे का, रात्री दम लागतो का, हे पत्रात तू लिहिलेलं नाहीस. तुला माहीत नसेल तर आधी ते बघ.

म्हणजे मग तिला उचलून ठाण्याला आणावं? इथे मी तुला माझ्या आत्याची गोष्ट सांगते.

आत्या जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीत एकटी राहायची. तिचे यजमान गेल्यावर मी तिला पुण्याला माझ्याकडे आणलं. तिसरा मजला, गरम पाणी, दारात डॉक्टर. मी खूश होते. पहिल्या महिन्यात तीही खूश होती. नंतर मी ऑफिसातून आले की बघायचे, ती तूरडाळ निवडत बसलेली असायची. आमच्याकडे डाळ पाकिटातली यायची, त्यात निवडण्यासारखं काही नसायचं. ती निवडून डब्यात भरायची आणि दोन दिवसांनी पुन्हा ताटात काढायची. एकदा मी म्हटलं, अगं आत्या, कशाला? तर म्हणाली, "इथं कशाची ददात नाही गं, पण माझ्यावाचून काही अडत पण नाही." सहाव्या महिन्यात मी तिला परत सोडून आले. पुढची सात वर्षं ती वाडीतच राहिली, दोन शेळ्या सांभाळल्या, शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने खाल्लं. तिला आणताना 'तुला काय कमी आहे' एवढंच मी विचारलं होतं. 'तू दिवसभर काय करतेस, त्यातलं काय तुला आवडतं' हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तुझ्या आईला शनिवारच्या ८० भाकऱ्या नको असतील, पण २० हव्या असतील. कुणी परगावच्या मुलीने शेजारी बसून 'आजी, मला शिकवा ना' म्हटलेलं तिला आवडतही असेल. तुला त्या व्हिडिओत अपमान दिसला, मला त्यात दोन्ही शक्यता दिसतात. विचारल्याशिवाय कळणार नाही.

आता थोडं कडू बोलते, रागावू नकोस. पत्रात तू लिहिलंस, मुलालाही आजी मिळेल, तो शाळेतून येतो तेव्हा घरी कुणी नसतं. तुझी गरज खरी आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मग दादाकडे भाकऱ्या आणि तुझ्याकडे नातू, असा तिच्यासाठी कामाचा बदल होईल एवढंच. तिथे निदान दारात तिच्या ओळखीची माणसं आहेत. मुलाच्या संध्याकाळची सोय तू वेगळी लाव, पाळणाघर, शेजारची एखादी काकू, काहीही. ती सोय झाली की आईचा विचार तुला मोकळ्या मनाने करता येईल.

तर काय करायचं ते सांगते.

मधल्या वारी जा. शनिवार-रविवार मुळीच नको, तेव्हा कुणीच कुणाशी बोलण्याच्या स्थितीत नसतं. चार दिवसांची रजा काढ आणि सोमवारी कसाऱ्याचा घाट चढ. मुलाला नेऊ नकोस, नाहीतर आई त्याच्यातच गुंतेल. गेल्यावर पहिले दोन दिवस काही विचारूच नकोस. ती कधी उठते, किती वेळा वाकते, रात्री बाहेर जायला किती लांब जावं लागतं, वाटेत दिवा आहे का, एवढं बघ. तंबूंच्या दोऱ्या रस्त्यात असतात, अंधारात पाय अडकून पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला तिथून राजूरला नाहीतर तालुक्याच्या अकोले गावापर्यंत न्यायचं म्हणजे काय, याचा विचार दादाने केला आहे का ते बघ.

आणि त्या गोधडीला हात लाव. ठिगळ लावलेली ती गोधडी मागून घे आणि आईच्या शेजारी बसून नुसती विचार, हे ठिगळ कशाचं लावलंस? माझा अंदाज आहे, तिथून ती बोलायला लागेल. गोधडी शिवणाऱ्या बाईला प्रत्येक तुकडा कुठल्या लुगड्याचा, ते लुगडं कुणी घेतलेलं, कुठल्या लग्नात नेसलेलं, हे सगळं आठवत असतं. जमिनीवर थर अंथरून, कोपऱ्यांवर दगड ठेवून, कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं, टाका एकसारखा, बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. तुझ्या बाबांची धोतरं जिच्या आत आहेत ती वस्तू तंबूत द्यायची नव्हती. तुझ्या भावाने ती वाईट हेतूने दिली असेल असं मला वाटत नाही. थंडी होती, पाहुण्यांनी पांघरूण मागितलं, समोर दिसलं ते त्याने दिलं. पण ती आता परत आईच्या पेटीत गेली पाहिजे, आणि हे दादाला तूच सांग, कारण आई सांगणार नाही.

तिला शिवायला आवडत असेल तर विकायच्या गोधड्या वेगळ्या शिवाव्यात. पाहुणे हमखास विचारतात. पण भाव तिने स्वतः लावावा. रोज तीन तास बसून एक गोधडी व्हायला २० दिवस लागले तर ६० तास झाले, तासाला ५० रुपये धरले तरी ३००० होतात. 'आजी, एवढीशी गोधडी, हजाराला द्या ना' म्हणणारे भेटतील. त्यांना नाही म्हणायला तिला शिकव. गावात बचत गट असेल तर त्याच्यामार्फतही विकता येतं, बचत गटांसाठीच्या 'उमेद' या सरकारी अभियानाची प्रदर्शनं भरतात तिथे अशा गोधड्यांना मागणी असते.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर भाकरीचंही बोलून टाक. पाटीवर नाव आजीचं, फोटो आजीचा, मग ताटामागे काही रक्कम आजीची का नको? ताटाला ३० रुपये म्हटले तरी ४० ताटांचे एका रात्रीचे १२०० रुपये होतात. दादा म्हणेल, आईला काय कमी आहे, मागेल ते देतो. त्याला शांतपणे सांग, प्रश्न मागायला लागण्याचाच आहे. पोस्टात नाहीतर बँकेत तिच्या एकटीच्या नावाने खातं असावं, पासबुक तिच्या पेटीत असावं, आणि पैसे दर आठवड्याला तिथे जमा व्हावेत. स्वतःचे पैसे हातात असलेली बाई 'आज माझ्याने होत नाही' असं म्हणू शकते. सातबाऱ्यावर बाबांच्यानंतर तिचं नाव लागलंय का, हेही या फेरीत तलाठ्याकडे बघून ये. त्यात भांडण नाही, नोंद असणं सगळ्यांच्याच फायद्याचं आहे.

या सगळ्यात एका गोष्टीवर मात्र अडून बस: तिची खोली. कितीही गर्दी होवो, पाहुणा दुप्पट पैसे देवो, ती खोली द्यायची नाही. बाकी सगळ्यात घासाघीस होऊ शकते, यात नाही. दिवसभर उभं राहिलेल्या बाईला रात्री आपल्या दाराला आतून कडी लावता आली पाहिजे.

भाकऱ्यांचं काम वाटून घ्यायला लागेल. शनिवारी गावातल्या दोन बायका रोजाने बोलवाव्यात. पाटीवर मग 'आजीच्या हातची' ऐवजी 'घरच्या चुलीवरची' लिहावं, म्हणजे खोटंही होत नाही. चूल गुडघाभर उंच ओट्यावर घ्यावी, बसायला चौरंग, वर धुराडं, लाकूड सुकं. हा खर्च एका शनिवारच्या कमाईतून निघेल. आणि शूटिंग करायचं तर आधी तिला विचारायचं, ही सूचना दादाने पाहुणे आल्या आल्या द्यावी. काजव्यांच्या झाडाखाली फ्लॅश मारू नका हे तो सांगतच असेल, त्यातच हेही सांगता येईल.

तुमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे तुला माहीत असतील. शाळेची पायरी न चढलेल्या बाईंनी घरातली गावठी बियाणी जपली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. हे मी तुला प्रेरणा वगैरे म्हणून सांगत नाही. तुझ्या दादाला सांगण्यासाठी सांगते. त्याच्या कॅम्पवर लोक तंबूसाठी येत नाहीत, तंबू आता धरणाभोवती सगळीकडे आहेत. लोक परत येतात ते पिठल्याच्या चवीसाठी, परसातल्या घेवड्यासाठी, आई ज्या पद्धतीने वाढते त्यासाठी. ते सगळं तिच्या डोक्यात आणि हातात आहे. धंद्याच्या भाषेत बोलायचं तर भांडवल तिचं आहे.

आता वहिनी. 'वहिनी बोलतच नाही' असं तू तीन शब्दांत उरकलंस. मला मात्र पत्रात नसलेलं तिचं काम दिसतं. २० तंबूंच्या चादरी कोण धुतं? ४० ताटं कोण घासतं? भाजी कोण चिरतं? तिचं नाव तर पाटीवरही नाही. तू पोचलीस की भावाच्या आधी तिच्याजवळ बस, तिच्याबरोबर चादरी वाळत घाल. आईची बाजू घेऊन येणारी नणंद ही तिला आपल्याविरुद्धची तक्रारच वाटत असणार. रोजाने दोन बायका आल्या तर सगळ्यात आधी तिचा जीव हलका होईल, हे तिला कळलं की दादाला पटवायचं काम तीच करेल, आणि तुझ्यापेक्षा चांगलं करेल.

ठाण्याचं आमंत्रण मागे घेऊ नकोस. पण 'कायमचं' हा शब्द काढून टाक. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी असते, तेव्हा बोलावलंस तर तिचं चित्त खाचरात राहील. आवणी उरकू दे, पाऊस आहे तोवर तंबूही बंदच असतील. श्रावणात महिनाभर ये म्हण. डोळे तपासून घे, छातीच्या डॉक्टरांना दाखव, नातवाबरोबर राहू दे. तिला परत जायचं असेल त्या दिवशी तिकीट काढून दे, आणि 'एवढ्यात कशाला' म्हणू नकोस. महिन्याभराने ती स्वतःहून थांबते म्हणाली तर मग कायमचं बोलू. मला पुन्हा लिही.

जाताना तुझ्या जुन्या दोन-तीन साड्या घेऊन जा. सुती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. सिंथेटिक नको, थर सरकतात आणि पांघरल्यावर घाम येतो. जाड दोऱ्याची दोन रिळं आणि मोठ्या नेढ्याच्या सुयाही घे, तिला आता बारीक नेढं दिसत नसेल.

तुझी,
ताई